तीनशे वीस पत्ते

निवृत्तीनंतर मला एक छंद लागला. जुन्या विद्यार्थ्यांना दर महिन्याला ई-मेलने एक पत्र पाठवायचं. इतिहासातली एखादी गोष्ट, वाचलेलं पुस्तक, गावाकडची खबरबात, असं काहीबाही. स्नेहसंमेलनात वहीत उतरवून घेतलेले ११८ पत्ते 'प्रति'च्या रकान्यात ओळीने टाकायचे आणि बटण दाबायचं, की झालं!

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीचं दोन ओळींचं उत्तर आलं. "सर, कृपया माझं नाव यादीतून काढा." दुसरी ओळ मी नीट वाचलीच नाही. राग आला, खरं सांगतो. इतकं मन लावून लिहितो आणि ही काढा म्हणते! दोन दिवस उत्तर दिलं नाही.

मग खोडीप्रमाणे या प्रकाराचा इतिहास शोधत बसलो, तर मे १९७८ मधली एक हकिकत हाती लागली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं आर्पानेट नावाचं संगणकांचं जाळं तेव्हा होतं. विद्यापीठं, संशोधन संस्था, लष्करी कचेऱ्या, एवढीच त्यावर मंडळी. सगळ्यांचे पत्ते एका छापील डिरेक्टरीत मावत. डिजिटल इक्विपमेंट या संगणक बनवणाऱ्या कंपनीत मार्केटिंग बघणाऱ्या गॅरी थर्क यांना आपल्या नव्या यंत्रांचं प्रात्यक्षिक लॉस एंजेलिस आणि सॅन मटेओ इथे दाखवायचं होतं. एकेकाला वेगळं निमंत्रण कोण लिहीत बसणार? त्यांनी डिरेक्टरीतून पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे ४०० पत्ते काढले आणि एका सहकाऱ्याकडून ते टाइप करून घेतले. (माझीच वही आठवली मला.)

पण 'प्रति'च्या रकान्यात जेमतेम ३२० पत्ते मावले. उरलेले सांडत सांडत खुद्द पत्राच्या मजकुरात उतरले. म्हणजे ज्याने पत्र उघडलं त्याच्यापुढे आधी पत्त्यांची ही लांबलचक शेपटी, मग जाहिरात, तीही सगळी कॅपिटल अक्षरांत. आर्पानेट फक्त सरकारी कामासाठी होतं, त्यामुळे व्यवस्थापनाने चांगलीच कानउघाडणी केली. यंत्रं मात्र खपली, असं थर्क पुढे सांगत असत. आज या पत्राला पहिला 'स्पॅम' म्हणतात.

मला रस वाटला तो पुढच्या चर्चेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी आधी त्या पत्राची बाजू घेतली होती. असं काही आलं तर आपल्याला चालेल, असा त्यांचा सूर. मग कोणीतरी त्यांना मूळ पत्र दाखवलं. त्याबरोबर स्टॉलमननी आपले शब्द परत घेतले! आक्षेप जाहिरातीला नव्हता, त्या लांबलचक पत्त्यांच्या यादीला होता. विषय कोणताही असो, असं पत्र कोणी पाठवू नये, असं त्यांनी लिहिलं.

इथे मी थबकलो. उठून त्या मुलीचं पत्र पुन्हा उघडलं. दुसरी ओळ होती, "माझा पत्ता सगळ्यांना दिसतो, त्यावर वर्गातल्या एकाचे नको ते मेल येतात, थांबत नाहीत."

चाळीस वर्षं मुलांना प्रश्न पूर्ण वाचा म्हणून सांगितलं मी.

१९८६ साली पॅरिसमध्ये एरिक थॉमस या विद्यार्थ्याने लिस्टसर्व्ह नावाचा प्रोग्रॅम लिहिला. यादीत यायचं तर वाचकाने स्वतः एक ओळ पाठवायची, जायचं तर दुसरी. मधे कोणाची मनधरणी नाही. आपल्याकडे १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं तेही वर्गणीदारांच्या जोरावर. अंक मागणाऱ्याकडे जायचा. कागदाला, छपाईला पैसे पडत, तेव्हा न मागता कोण वाटणार? मला मात्र ११८ पत्रांना दमडी पडत नव्हती, म्हणून विचारायचं सुचलं नाही. असो.

त्या मुलीची माफी मागितली, नाव काढलं. त्या दुसऱ्यालाही यादीतून काढलं आणि फोन करून चार शब्द सुनावले. मग बाकीच्यांना एकेक करून लिहिलं, पत्र हवं असेल तरच कळवा. ११६ पैकी ५३ जणांनी 'हो' म्हटलं. काही लाडक्या विद्यार्थ्यांची उत्तरं आलीच नाहीत, त्याचं वाईट वाटलं. आता पत्ते बीसीसीच्या रकान्यात घालतो, म्हणजे एकाचा दुसऱ्याला दिसत नाही. शेवटी एक ओळ असते, 'नको असल्यास नुसतं "नको" असं लिहावं, कारण सांगू नये.'

परवा त्या मुलीचा मेल आला. नवा पत्ता घेतलाय तिने. पत्र त्यावर पाठवा म्हणते.