कागद, काच, पत्रा आणि आपला उंबरठा

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत कचऱ्याचा विषय कशाला, असे काही भगिनींना वाटेल. परंतु दूधवाल्याइतक्याच नेमाने जी बाई आपल्या दारी येते, ती तेथवर कशी पोहोचली, हा पुण्याच्या अलीकडील इतिहासाचा मोलाचा भाग आहे.

आमच्या लहानपणी कोपऱ्यावरच्या लोखंडी कुंडीत सारे काही एकत्र टाकले जाई. महानगरपालिकेची गाडी ती उचली. पण त्याआधी पाठीवर पोते टाकलेल्या बाया येऊन त्यातून कागद, काच, पत्रा वेचून नेत. त्यांतील बहुतेक दलित समाजातल्या. पुष्कळजणींची कुटुंबे 1972 च्या दुष्काळात गाव सोडून आलेली. कुत्र्यांशी झगडत त्या पोट भरीत, आणि वस्तीत काही हरवले की संशय प्रथम त्यांच्यावर.

1990 च्या सुमारास एस. एन. डी. टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्या या बायांच्या मुलींना शिकवू लागल्या. तेव्हा साधा हिशेब ध्यानी आला: उकिरड्यातला ओला, बरबटलेला कागद मातीमोल जातो; तोच दारातून कोरडा मिळाला तर भाव येतो. म्हणून तीसेक बायांना घरोघर वेगळा कचरा मिळावा अशी व्यवस्था झाली. इतक्यात त्याच भागात एक खाजगी व्यावसायिक गाडी घेऊन हेच काम करावयास पुढे आला! बायांनी विरोध केला, आणि कचऱ्यावर पहिला हक्क कोणाचा हा प्रश्न उघड झाला. त्यातूनच 1993 च्या मे महिन्यात हमालांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पुढे महानगरपालिकेने मान्य केलेली ओळखपत्रे मिळाली. आपल्याला हे क्षुल्लक वाटेल. पण पोलिसाने हटकले असता दाखवावयास नाव-छायाचित्राचा कागद असणे ही त्यांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

2000 साली केंद्र सरकारच्या नियमांनी घरोघर जाऊन कचरा गोळा करणे शहरांवर बंधनकारक केले. बहुतेक ठिकाणी अशा कामाचे कंत्राट गाड्यावाल्यांना देतात व पैसे वजनावर मोजतात. मग वजन कमी व्हावे, असे कंत्राटदाराला का वाटावे? पुण्याने वेगळी वाट धरली. 2008 साली महानगरपालिकेने कचरावेचकांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पाच वर्षांचा करार केला. ढकलगाड्या, साधने व देखरेखीचा खर्च महानगरपालिकेचा. पगार मात्र नाही. घरटी मासिक शुल्क आणि सुक्या मालाची विक्री, हीच त्यांची कमाई. आज संस्थेच्या सभासदांची संख्या तीन हजारांहून अधिक असून त्यांत बायकाच फार.

खरी अडचण येथेच आहे. पगार नसल्यामुळे आपण शुल्क चुकविले तर नुकसान थेट त्या बाईचे होते. आमच्याच इमारतीत एकदा सभा भरली. “कर भरतो, मग पुन्हा पैसे कशाला?” असे एक गृहस्थ तावातावाने म्हणाले. मीही तेव्हा गप्पच राहिले, हे कबूल करते. दोन महिने ताईंना पैसे मिळाले नाहीत. तरी त्या येत राहिल्या. तिसऱ्या महिन्यात शेजारच्या काकूंनी चारचौघांत विचारले, “त्यांच्या घरची चूल काय तुमच्या करावर पेटते?” तेव्हा कुठे पैसे निघाले.

करारही काही अखंड चालला नाही. 2013 मध्ये मुदत संपली; पुढची काही वर्षे तात्पुरत्या व्यवस्थेवर गेली आणि 2016 मध्ये नवा करार झाला. 2020 च्या अखेरीस तोही संपला, तेव्हा खाजगी कंत्राटदारांची चर्चा पुन्हा निघाली, आणि बायांना पुन्हा रस्त्यावर उतरावे लागले.

आणखी एक गोष्ट, जी पुरुषांच्या सभेत कोणी काढीत नाही. वापरलेले सॅनिटरी नॅपकीन उघडे टाकले, की ते हाताने वेगळे करावे लागतात. ‘स्वच्छ’च्या बायांनी त्यासाठी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या बनविल्या, आणि पुडक्यावर तांबडा ठिपका काढून ते वेगळे द्यावे, अशी विनंती केली. आपल्या मंडळाच्या मागील बैठकीत अशा पिशव्यांचे गठ्ठे वाटले. उरलेले चिटणीसबाईंकडे आहेत. ज्यांना मिळाले नसतील त्यांनी न्यावेत.