लघवीचा त्रास आणि उशिरा विचारलेला प्रश्न



शिंकलं की थेंब सुटतात, रात्री तीन-तीनदा उठावं लागतं, उन्हाळी लागते, घाई झाली की धीर धरवत नाही. बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपला, की बायका हे हळूच कानात सांगतात. वर म्हणतात, "बाईच्या जातीला हे चालायचंच." हे 'चालायचंच' डॉक्टरांच्या जगातही फार काळ चाललं. त्याचाच हा थोडा इतिहास.

बाळंतपणानंतर लघवी सुटू लागली, तर पूर्वी डॉक्टरांचा भर शस्त्रक्रियेवर असे. इंग्लंडमध्ये मार्गारेट मॉरिस या नर्तिकेनं १९३६ साली बाळंतिणींच्या व्यायामाचं पुस्तक लिहिलं. पुढे १९४८ साली अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी सांगितलं, की मूत्राशयाला खालून आधार देणारे स्नायू सैल पडले असतील, तर ते व्यायामानं पुन्हा घट्ट करता येतात. वायू अडवताना आपण जे स्नायू आवळतो, तेच हे. पाच मोजेपर्यंत आवळायचे, मग तेवढाच वेळ सैल सोडायचे. भाजी निवडतानासुद्धा जमतं. लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नये.

पण हा उपाय त्रास सुरू झाल्यावरचा. त्रास होऊच नये म्हणून काय करावं? हा प्रश्न घेऊन अमेरिकेत सरकारी मदतीनं 'प्लस' नावाचा संशोधकांचा गट उभा राहिला, तो थेट २०१५ साली. त्यांनी फक्त रुग्णांना तपासलं नाही. ११ वर्षांच्या मुलींपासून आजीबाईंपर्यंत सगळ्या वयाच्या बायकांना गटागटानं बसवून त्यांच्या सवयी आणि अनुभव विचारले. आजार नसला म्हणजे मूत्राशय निरोगी, एवढंच ते मानत नाहीत. लघवीच्या धास्तीशिवाय कामाला, प्रवासाला, लग्नाकार्याला जाता आलं पाहिजे, हेही त्यांनी आरोग्यातच धरलं.

२०१८ साली आणखी एक अभ्यास छापून आला. वारंवार उन्हाळी लागणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बायका त्यात होत्या. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. औषध कोणतं? साधं पाणी!

आता खरी अडचण बघा. बाजारात, शेतात, एसटी स्टँडवर जायला जागा नसते, म्हणून आपण पाणीच पीत नाही. आली तरी दाबून धरतो. म्हणजे इथं नुसतं सांगून भागत नाही, मुतारी लागते. मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' ही मोहीम सुरू झाली, ती याचसाठी. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हा अन्याय त्या कार्यकर्त्यांनी महापालिकेपुढे मांडला.

मैत्रिणींनो, लघवीत रक्त दिसलं, ताप आला, पाठीत कळा आल्या, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, दवाखाना गाठा. आणि येत्या ग्रामसभेत रस्ता, गटार यांच्यासोबत आणखी एक विषय घ्यायला लावा: आठवडी बाजारात बायकांसाठी पाणी आणि कडी असलेलं स्वच्छतागृह. अर्जावर गटातल्या सगळ्या जणींच्या सह्या घ्या.