कोसबाडच्या टेकडीवरची झाडे

भवानी पेठेत यंत्रमागांच्या खडखडाटात वाढणारे मूल शाळेत झाडाचे चित्र रंगवते, मूळ, खोड, पान अशी नावे घोकते आणि दारातल्या कडुनिंबाकडे न पाहताच घरात शिरते. दोष मुलाचा नव्हे, आपल्या शिकवण्याचा आहे. याची जाणीव शिक्षणाच्या इतिहासाला जुनीच आहे. फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने १८४० साली आपल्या शाळेला ‘बालोद्यान’ या अर्थाचे नाव दिले, तेव्हा तेथे खरोखरीची बाग होती आणि प्रत्येक बालकाला स्वतःचा वाफा होता. पुढे नाव जगभर गेले. वाफा मात्र बहुतेक ठिकाणी मागेच राहिला.

महाराष्ट्रात तो वाफा पुन्हा सापडला, तोही अत्यंत गरीब मुलांच्या सान्निध्यात. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे कार्य तेव्हाच्या ठाणे, आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्याच १९४५ साली त्या परिसरातील वारली बांधव वेठबिगारीविरुद्ध उठले होते. ज्यांच्या आईबापांना रान म्हणजे ठेकेदाराची मजुरी, त्यांच्या मुलांना तेच रान ज्ञानाचे दालन म्हणून दाखवायचे होते.

माँटेसरी पद्धतीची महागडी साधने येथे परवडणारी नव्हती. म्हणून पाने, फुले, बिया, खडे, शिंपले हीच साधने झाली. मुले गुरे राखायला जात. तेव्हा शाळाच कुरणात गेली आणि ‘कुरणशाळा’ जन्मली. मूल शाळेत येईना, तर शाळा त्याच्या अंगणात गेली, ती ‘अंगणवाडी’. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे हे नाव देशभर पोहोचले. ज्या मुलांना जग अडाणी म्हणत होते, त्यांना रानातली झाडे पुस्तकातल्या मुलांपेक्षा अधिक ठाऊक होती, हे येथे विसरता येत नाही.

सोलापूरच्या पेठेत टेकडी नाही, कुरण नाही. पण कडुनिंब आहे. पेठेतले एक मूल त्याला ‘कडुनिंब’ म्हणते, शेजारचे तेलुगू घर ‘वेप’, पलीकडचे कन्नड घर ‘बेवु’. हा पहिला पाठ. मागावरचे सूत घेऊन खोडाचा घेर मोजावा, गाठ मारून ठेवावी आणि वर्षाने पुन्हा मोजावा. चैत्रातली पालवी व मोहोर पाहावा. पावसाच्या तोंडावर पिकलेल्या लिंबोळ्या वेचून, गर धुऊन, लगेच पेराव्यात; कारण हे बी फार दिवस टिकत नाही. जे बी आपल्या हाताने रुजवले, त्याच्यावर कुऱ्हाड चालवताना मनुष्याचा हात अडखळतो.

ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली. त्यांचे ऋण फेडण्यास स्मारक नको. एक दोरा, मूठभर लिंबोळ्या आणि मुलाबरोबर झाडाखाली थांबणारा एक वडीलधारा पुरे.