लपवलेला ताप

आम्ही लालबाग-परळच्या बचत गटातल्या बायका. आज तापाबद्दल बोलू, पण आधी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत जाऊ.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात तापाचे रुग्ण तपासताना डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. साथ चाळीचाळीत पसरली. सरकारी माणसं घरात शिरून आजारी शोधू लागली, बायकांच्या काखेत-जांघेत गाठ आहे का ते पाहू लागली. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, अशी धास्ती बसली. ऑक्टोबरात सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. आजचं कस्तुरबा रुग्णालय ते हेच. लोक घरातला ताप लपवू लागले. कित्येक जण गावी पळाले, आणि त्यांच्याबरोबर साथही गेली.

त्याच काळात हाफकिन यांनी भायखळ्याला प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा आमच्या परळला आली. तिकडे पुण्यात आजाऱ्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला प्लेगनेच गेल्या.

आज कोणी घरात शिरत नाही, तरी आपण ताप लपवतोच. रोज बुडेल, हप्ता चुकेल म्हणून. आमच्या गटातल्या एका ताईंनी चार दिवस गोळ्या खाऊन काम रेटलं. ताप उतरला आणि त्या बैठकीतच चक्कर येऊन पडल्या. डेंग्यू निघाला. वेळेवर नेलं म्हणून वाचल्या.

ताप म्हणजे आजार नव्हे, ती आजाराची खूण. थर्मामीटरने मोजा, वेळ लिहून ठेवा. १००.४च्या वर गेला तर ताप समजा. पातळ कपडे, विश्रांती, भरपूर पाणी, पेज, मीठ घातलेलं लिंबू सरबत द्या. मोठ्यांना पॅरासिटामॉल ५००ची एक गोळी चालते. दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवा. मुलांचा डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांना विचारूनच द्या. अंगदुखीच्या दुसऱ्या गोळ्या आपल्या मनाने नकोत, डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

ताप दोन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टर गाठा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ, गरोदर किंवा बाळंतीण बाई असेल तर एक दिवसही थांबू नका. झटका, धाप, गुंगी, सतत उलट्या, पोटात जोराची कळ, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, यातलं काहीही दिसलं तर लगेच निघा. ताप उतरल्यावर दिसलं तरीही. पुराच्या पाण्यातून चालला असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, लेप्टो असू शकतो.

आमच्या बैठकीत आता हप्ता गोळा करण्याआधी एक प्रश्न असतो: कुणाच्या घरी ताप आहे का? तुमच्या गटातही विचारून बघा.