गोव्याचा एक हाफबॅक

इतिहासांत ज्यांचीं नांवें ठळक अक्षरांनीं लिहिलीं जातात त्यांत चढाई करणारांची संख्या मोठी आणि रक्षण करणारांची अल्प असते. किल्ला कोणीं घेतला हें बखरकार आवर्जून सांगतो. तोच किल्ला ज्यानें वर्षानुवर्षें शत्रूच्या हातीं जाऊं दिला नाहीं त्या किल्लेदाराचें नांव मात्र एखाद्या जमाखर्चाच्या कागदांत सांपडलें तर सांपडतें. फुटबॉलच्या खेळासही हाच न्याय लागू आहे. गोल करणाराचें नांव दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत झळकतें. गोल होऊं न देणाराची नोंद करण्यास खेळाच्या दप्तरांत रकानाच नसतो. अशाच एका खेळाडूविषयीं प्रस्तुत लेखांत आम्ही चार शब्द लिहूं इच्छितों. त्यांचें नांव फोर्तुनातो फ्रँको. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यांत, बारदेश तालुक्यांतील कोलवाळ या गांवीं त्यांचा जन्म झाला. फुटबॉलपटू म्हणून ते मुंबईंत वाढले. आणि १९६२ सालीं जाकार्ता येथें भारतानें आशियाई क्रीडास्पर्धांतील फुटबॉलचें सुवर्णपदक जिंकलें तेव्हां ते भारताचे हाफबॅक होते.

इतिहास शिकविणारानें खेळाडूच्या मागें कां लागावें, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. तिचें उत्तर असें कीं, फ्रँको यांच्या कारकीर्दींत आपल्या अर्वाचीन इतिहासांतील एका मोठ्या वादाचा पुरावा आहे. गोवा कोणाचा, हा तो वाद. १९५१ सालीं सालाझार यांच्या सरकारनें घटनेंत दुरुस्ती करून आपल्या वसाहतींस ‘सागरापलीकडील प्रांत’ असें नवें नांव दिलें, आणि गोवा ही वसाहत नसून प्रत्यक्ष पोर्तुगालचाच एक भाग आहे असा दावा जगापुढें मांडला. या दाव्यास दिल्लीनें राजनीतीच्या भाषेंत उत्तर दिलें, सत्याग्रहींनीं आपल्या रक्तानें दिलें आणि डिसेंबर १९६१ मध्यें सैन्यानें दिलें. हीं तीन उत्तरें पाठ्यपुस्तकांत आहेत. चवथें उत्तर सामान्य गोवेकरांनीं आपल्या रोजच्या व्यवहारानें कितीतरी आधीं देऊन ठेवलें होतें. तें मात्र फारसें कोणी वाचीत नाहीं.

गोव्यांतील फुटबॉल हा पोर्तुगीजांनीं दिलेला वारसा आहे, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो पुरता खरा नाहीं. हा खेळ गोव्यांत १८८३ सालीं शिवोली येथें फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूनें आणला, असें सामान्यतः मानलें जातें. पोर्तुगीजांचें राज्य तेथें १५१० पासून होतें. पण चेंडू आला तो इंग्रजी भाषा बोलणाराच्या हातून. पुढें चर्चच्या शाळांनीं तो गांवोगांव नेला. भाताचें पीक निघालें कीं मोकळीं पडलेलीं खाचरें हींच मुलांचीं मैदानें होत. राज्यकर्त्यांनीं या खेळास नंतर आपलासा केला, हें खरें. १९५१ सालीं वास्को आणि १९५६ सालीं साळगांवकर हे क्लब त्यांच्याच अमदानींत निघाले. परंतु खेळाचें मूळ आणि राज्याचें मूळ हीं दोन्ही एकच समजणें ही इतिहासाच्या वाचनांतील सामान्य चूक आहे.

खेळ ज्या मुलखांतून आला त्याच मुलखाकडे माणसें जात होतीं. गोव्यांत जमीन थोडी आणि रोजगार त्याहून थोडा. तेव्हां बोटीवरचे खलाशी, आचारी, वाद्यवादक, कचेरींतील कारकून अशा नाना नात्यांनीं गोवेकर मुंबईस येत असत. धोबीतलाव, माझगांव इत्यादि भागांत गोव्यांतील गांवांनीं आपापल्या माणसांसाठीं ‘कूड’ नांवाचीं वसतिगृहें चालविलीं होतीं. गांवचा नवखा तरुण मुंबईस उतरला कीं पेटी ठेवावयास आणि पाठ टेकावयास त्यास तेथें जागा मिळे. फ्रँको हे बालपणींच मुंबईस आले. १८९१ सालीं सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाची परंपरा असलेली ती नगरी. तेथें फुटबॉल हा पोटाचा स्वतंत्र धंदा नव्हता. रेल्वे, गिरण्या, तेलकंपन्या आणि टाटांसारखे उद्योग यांचे संघ असत, आणि खेळाडू दिवसां कचेरींत नोकरी करून सायंकाळीं कूपरेजच्या मैदानावर उतरत. फ्रँको यांची कारकीर्द टाटांच्या संघांत फुलली.

त्या काळीं या दोन प्रदेशांतील संबंध कसे होते, हें ध्यानांत घेतल्याशिवाय पुढील गोष्टीचें मर्म कळणार नाहीं. १५ ऑगस्ट १९५५ रोजीं गोव्यांत शिरणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनीं गोळीबार केला. त्यानंतर भारतानें सीमा बंद केली, गोव्याकडे जाणारी आगगाडी थांबली, आणि जाणेंयेणें परवान्यांवर आलें. मुंबईंतील हजारो गोवेकरांचें घर एका बाजूस आणि भाकर दुसऱ्या बाजूस, अशी अवस्था झाली. ही ताटातूट चालू असतांनाच, १९६० सालीं, रोमच्या ऑलिंपिकसाठीं निवडलेल्या भारतीय संघांत फ्रँको यांचें नांव आलें. ज्या गांवीं ते जन्मले तेथें त्या दिवशीं पोर्तुगालचें निशाण फडकत होतें.

आतां हाफबॅक म्हणजे काय, हें खेळाशीं परिचय नसलेल्या वाचकांसाठीं सांगितलें पाहिजे. जुन्या पद्धतींत गोलरक्षकापुढें दोन बॅक, त्यांच्यापुढें तीन हाफबॅक आणि त्यांच्यापुढें पांच आघाडीचे खेळाडू असत. १९२५ सालीं ऑफसाइडचा नियम सैल झाला. खेळाडू आणि प्रतिपक्षाची गोलरेषा यांच्यामध्यें पूर्वीं तीन प्रतिस्पर्धी असावे लागत, ते आतां दोन पुरे झाले. गोलांची संख्या एकदम वाढली, आणि रक्षणासाठीं मधल्या हाफबॅकला मागें ओढून तिसरा बॅक करण्यांत आलें. उरलेल्या दोघांवर दुहेरी काम पडलें. शत्रूची चढाई बॅकपर्यंत पोंचण्याआधींच मोडावयाची, आणि मिळालेला चेंडू आपल्या आघाडीस नेमका पोंचवावयाचा. अशा खेळाडूनें आपलें काम चोख केलें तर प्रेक्षकांस विशेष कांहीं घडल्यासारखें वाटत नाहीं. त्याची चूक मात्र सर्वांस दिसते.

याचा पडताळा फ्रँको यांच्याच समाजांतील दुसऱ्या एका खेळाडूशीं त्यांची तुलना केली असतां येतो. मुंबईचे नेव्हिल डिसूझा हेही गोव्याच्या वंशाचे. १९५६ सालीं मेलबर्न ऑलिंपिकमध्यें त्यांनीं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, भारतानें तो सामना ४-२ असा जिंकला, आणि ऑलिंपिकमध्यें असा पराक्रम करणारे पहिले आशियाई म्हणून त्यांचें नांव ग्रंथांत कायमचें बसलें. तें योग्यच झालें. पण सहा वर्षांनीं ज्यांनीं सुवर्णपदक मिळवून दिलें त्या संघाचा हाफबॅक किती जणांस ठाऊक आहे?

जाकार्त्याची ती स्पर्धा सोपी नव्हती. यजमानांनीं इस्राएल आणि तैवान यांस प्रवेश दिला नाहीं, म्हणून भारताचे क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनीं स्पर्धेच्या नांवासच हरकत घेतली, आणि तेथील जनमत भारतावर संतापलें. ३ सप्टेंबर रोजीं जमावानें भारतीय वकिलातीवर हल्ला केला. अंतिम सामना दुसऱ्याच दिवशीं होता. भारताची सुरुवातही वाईट झाली होती. पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियानें ०-२ असा पराभव केला. त्यानंतर थायलंडवर ४-१, जपानवर २-० आणि उपांत्य सामन्यांत दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असे विजय मिळवून संघ पुन्हां त्याच कोरियासमोर उभा राहिला. संघाचे शिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांस कर्करोगानें ग्रासलें होतें. पुढच्याच वर्षीं, जून १९६३ मध्यें, ते निवर्तले.

रहीम यांनीं या स्पर्धेंत एक धाडसी डाव टाकला. बचावाचा प्रमुख खांब जो जर्नेलसिंग, त्याच्या कपाळास थायलंडविरुद्ध जखम झाली होती. रहीम यांनीं त्यास शेवटच्या दोन सामन्यांत आघाडीस खेळविलें. ४ सप्टेंबर १९६२ रोजीं, सुमारें लाखभर प्रतिकूल प्रेक्षकांच्या गदारोळांत, प्रदीपकुमार बॅनर्जी यांनीं पहिला आणि याच जर्नेलसिंगानें दुसरा गोल केला. कोरियास अखेरच्या कांहीं मिनिटांत एकच गोल परत करतां आला. दोन गोल करणारांचीं नांवें सर्वांस माहीत आहेत. परंतु खांब काढून घेतल्यावर छप्पर कोणीं पेललें, हा प्रश्नही विचारला पाहिजे. गोलांत पीटर थंगराज, मागें चंद्रशेखर, अरुण घोष, त्रिलोकसिंग, आणि त्यांच्यापुढें हाफबॅकच्या जागीं फ्रँको. यांतील चंद्रशेखर हे मूळचे केरळचे, पण कालटेक्स कंपनीकडून खेळणारे, म्हणजे तेही मुंबईचेच खेळाडू. त्या बचावफळींत मुंबईच्या मैदानांचा वांटा किती मोठा होता, हें आम्हां महाराष्ट्रीयांस क्वचितच आठवतें.

गोवा मुक्त होऊन त्या दिवशीं नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. पोर्तुगालनें तर गोव्यावरील भारताचें सार्वभौमत्व १९७४ च्या अखेरीपर्यंत मान्यच केलें नाहीं. अर्थात् लिस्बनच्या लेखीं भारताचा हा सुवर्णपदक-विजेता हाफबॅक पोर्तुगालच्या भूमीचा पुत्र होता! कागदावरील हक्क आणि जगण्यांतील सत्य यांच्यामधील अंतर याहून स्पष्ट क्वचितच दिसेल.

पोर्तुगालच्या दुसऱ्या एका ‘प्रांता’कडे पाहिलें म्हणजे हें अंतर अधिक उघड होतें. मोझांबीक आणि गोवा यांचें नातें जुनें. १७५२ सालापर्यंत मोझांबीकचा कारभार गोव्याहूनच चाले. १९६६ च्या विश्वचषकांत तिसरें स्थान मिळविणाऱ्या पोर्तुगालच्या संघांतील एउझेबिओ, कोलुना, इलारिओ आणि व्हिसेंते हे चौघेही मोझांबीकमध्यें जन्मलेले. पैकीं शेवटचे दोघे बचावपटू. इलारिओ लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबचा आणि व्हिसेंते बेलेनेन्सेसचा. ब्राझीलवर मिळविलेल्या ३-१ विजयांत पेलेवर पाळत ठेवण्याचें काम व्हिसेंतेकडे होतें. हे व्यवसायी खेळाडू होते, खेळ हीच त्यांची उपजीविका होती. त्यांनीं पोर्तुगालचा पोशाख घातला यांत त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. मोझांबीकच्या कृष्णवर्णी मुलास शेजारीं वर्णद्वेषाची दक्षिण आफ्रिका होती; गुणांचें चीज व्हावयाचें तर लिस्बनची बोट धरणें भाग होतें. गोव्याच्या मुलास शेजारीं मुंबई होती, आणि तिचे दरवाजे उघडे होते. दोघांवरही निशाण एकच होतें. परंतु एकाची वाट समुद्र ओलांडून राजधानीकडे गेली आणि दुसऱ्याची घाटाखालच्या किनाऱ्यानें आपल्याच माणसांत आली.

येथें एक आक्षेप संभवतो. एका खेळाडूवरून साऱ्या समाजाचा कल ठरविणें तर्कशास्त्रास धरून नाहीं. शिवाय गोवेकर कराचीस गेले, नैरोबीस गेले, लिस्बनलाही गेले. फ्रँको यांचें कुटुंब मुंबईस आलें तें भारतमातेच्या हांकेनें आलें असें म्हणण्यास आमच्याजवळ आधार नाहीं, आणि तसें आम्ही म्हणतही नाहीं. आमचें म्हणणें याहून साधें आहे. माणूस कोठला, हें बहुधा घोषणांनीं ठरत नसतें. तो कोठें नोकरी करतो, कोणत्या मैदानावर खेळतो, कोणाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो, यांतून तें नकळत ठरत जातें. फ्रँको यांची निवड करतांना निवडसमितीस गोव्याचा प्रश्न सोडवावयाचा नव्हता. तिला एक चांगला हाफबॅक हवा होता. म्हणूनच तो पुरावा विश्वसनीय आहे. पुरावा म्हणून जें निर्माण केलेलें नसतें तेंच इतिहासकाराच्या सर्वांत उपयोगी पडतें.

जाकार्त्यानंतर, १९६३-६४ सालीं, महाराष्ट्रानें संतोष चषक जिंकला. १९५४-५५ मध्यें मुंबई या नांवानें तो मिळाला होता. महाराष्ट्र या नांवानें मिळालेला हा पहिलाच. त्या विजयांतही फ्रँको सहभागी होते. पुढें गोव्याचा स्वतःचा संघ बलवान झाला, आणि ब्रह्मानंद संखवाळकर या गोलरक्षकाच्या नेतृत्वाखालीं १९८३-८४ सालीं त्यानें संतोष चषक पटकावला. महेश गवळी आणि समीर नाईक यांच्यासारखे बचावपटू त्याच भूमीनें नंतर भारतास दिले. बचावाची ही परंपरा आपोआप उगवलेली नाहीं.

मे २०२१ मध्यें, वयाच्या ८४ व्या वर्षीं, फ्रँको यांचें निधन झालें. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें चंद्रशेखरही गेले. महामारीच्या त्या दिवसांत मृत्यूच्या वार्ता इतक्या येत होत्या कीं, या दोघांकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. जाकार्त्यानंतर आजपर्यंत आशियाई स्पर्धांत फुटबॉलचें सुवर्णपदक भारतास पुन्हां मिळालेलें नाहीं, आणि तें मिळवून देणारांपैकीं आतां थोडेच हयात आहेत.

आमच्या नाशकांत शाळेंतील मुलांस १९ डिसेंबर १९६१ ही तारीख पाठ असते. तिच्या शेजारीं ४ सप्टेंबर १९६२ हीही तारीख त्यांस सांगावी, असें आम्हांस वाटतें. पहिल्या तारखेनें गोवा भारताच्या नकाशावर आला. दुसऱ्या तारखेस बारदेशचा एक मनुष्य लाखभर विरोधकांच्या ओरडण्यांत भारताच्या मध्यरेषेवर उभा होता, आणि तो तेथें कसा आला हें विचारण्याची कोणासही गरज वाटली नव्हती.