लघुसैन्य युद्धखेळातील रंगाचे बदलते स्थान

लघुसैन्याच्या युद्धखेळाचे मूळ प्रशियाच्या लष्करी शिक्षणात आढळते. राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध केले. त्यातील लाल व निळे ठोकळे केवळ दोन पक्ष दर्शवीत. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांच्या 'लिटल वॉर्स' या पुस्तकाने शिशाच्या सैनिकांचा हा खेळ नागरी घरांत रुजविला. १९८३ मध्ये इंग्लंडमध्ये प्रकाशित झालेल्या 'वॉरहॅमर'साठी धातूचे बिनरंगी सैनिक खेळाडूंनीच रंगवावयाचे असत. 'वॉरहॅमर ४०,०००'च्या २०२० च्या नियमावलीने तर संपूर्ण रंगविलेल्या सैन्यास शंभरपैकी दहा गुण दिले. अटीतटीच्या सामन्यात ते निर्णायक ठरू शकत. हे गुण कलात्मक उत्कृष्टतेसाठी नसून काम पूर्ण केल्याबद्दल होते. तात्पर्य, पक्ष ओळखण्याची खूण असलेला रंग खेळाडूच्या श्रमाचे मोजमाप बनला.