एकतीस-एक की बत्तीस-शून्य?

कॉलेजात मी खेळाडू कमी आणि स्कोअरर जास्त होतो. त्यामुळे हरलेल्या सामन्याचा कागदही मला जिंकलेल्याइतकाच वाचावासा वाटतो. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या १९७५ आणि १९७६ च्या बास्केटबॉल संघांचे आकडे मी असेच पुन्हा पुन्हा काढून बसतो.

प्रशिक्षक एकच, बॉब नाइट. १९७६ चा संघ ३२ सामने खेळला, ३२ जिंकला. आदल्या वर्षीचा ३१ जिंकून एक हरला. हिशेब तिथेच मिटायला हवा. पण माझं मत त्या हरलेल्या पोरांना.

कारण त्या संघातल्या स्कॉट मेचा डावा हात. फेब्रुवारी १९७५ मध्ये पर्ड्यूविरुद्ध खेळताना तो मोडला. डिसेंबरात ज्या केंटकीला ९८-७४ असं लोळवलं होतं, तीच मार्चमध्ये पुन्हा समोर आली. मे हात बांधूनच उतरला. सात मिनिटं, दोन गुण. केंटकी ९२, इंडियाना ९०. हरले तेही दोनच गुणांनी! स्कोअररला असली बेरीज झोपू देत नाही.

पुढच्या वर्षी फिलाडेल्फियातल्या अंतिम सामन्यात इंडियानाचा बॉबी विल्करसन डोक्याला मार लागून सुरुवातीलाच बाहेर गेला. मध्यंतराला मिशिगन ३५-२९ ने पुढे. मग इंडियानाने उत्तरार्धात ५७ गुण काढले आणि ८६-६८ ने विजेतेपद नेलं. मेचे २६, केंट बेन्सनचे २५.

पण १९७५ च्या संघातले स्टीव्ह ग्रीन आणि जॉन लॅस्कोव्स्की तोवर शिकून बाहेर पडले होते.